तरुणांचे ‘मामा’

१९९५ सालीं मनिला येथें पोप दुसरे जॉन पॉल यांच्या उपासनेस चाळीस लाखांवर लोक जमले, असा अंदाज आहे. तरुणांच्या अशा जागतिक मेळाव्यांची प्रथा त्यांनींच १९८५ सालीं घोषित केली. तिच्या यशाचें श्रेय पुष्कळ जण त्यांच्या वक्तृत्वास देतात. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. खरें मूळ पोलंडांतील क्राको शहरीं आहे. तेथील सेंट फ्लोरियन चर्चमध्यें १९४९ पासून कारोल वॉयतिवा (पुढील पोप ते हेच) विद्यार्थ्यांत काम करीत. चर्चबाहेर तरुणांचे संघ चालविण्यास कम्युनिस्ट सरकारची पाद्र्यांस बंदी. म्हणून साध्या वेषांत ते मुलामुलींसह डोंगरांत व नद्यांवर जात. कोणास संशय येऊं नये यास्तव मुलें त्यांस ‘वुयेक’ म्हणत. हा शब्द मूळचा आईच्या भावाचा, म्हणजे आपला मामाच! पालथी होडी हीच तेथील वेदी. प्रेम, विवाह यांविषयींच्या तरुणांच्या शंका ते शांतपणें ऐकून घेत. त्यांचीं मतें जुन्या वळणाचींच होतीं, आणि अनेकांस तीं पटलींही नाहींत. पण त्यांच्या १९६० च्या ‘प्रेम आणि जबाबदारी’ या ग्रंथामागें हा सहवास आहे. १९५८ च्या उन्हाळ्यांत बिशपपदासाठीं वॉर्साहून बोलावणें आलें, तेव्हां ते असेच होडींतून हिंडत होते. पद स्वीकारून ते पुन्हां नदीवर, आपल्या मंडळींत परतले.