फैजपूर अधिवेशन आणि हरवलेली २३ मिनिटे

२७ डिसेंबर १९३६. पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. समजा, त्या दिवशीची सकाळी ६ची वेळ एखाद्या सॉफ्टवेअरला ग्रीनिच वेळेत बदलायला सांगितली, तर उत्तर काय यावे? मध्यरात्रीनंतर ३० मिनिटे. पण संगणक कित्येक वर्षे ६ मिनिटे ४० सेकंद असे उत्तर देत. पुढे ही चूक दुरुस्त झाली, आणि ज्या चाचण्या जुने उत्तर प्रमाण मानून बसल्या होत्या त्यांच्यावर नापास होण्याची पाळी आली.

मूळ रेल्वेच्या काळात आहे. सूर्य पाहून वेळ ठरवली तर जळगाव ग्रीनिचच्या साधारण ५ तास २ मिनिटे पुढे आणि धुळे त्याच्या तीन मिनिटे मागे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने धावे, म्हणजे ५ तास २१ मिनिटे १० सेकंद पुढे. सूर्यावर विसंबून जळगाव स्थानकावर येणाऱ्याची गाडी सहज चुकली असती! १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. त्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. मुंबई शहराने आपली वेळ त्यानंतरही दीर्घकाळ सोडली नाही, पण तो स्वतंत्र विषय आहे.

जगभरातील अशा बदलांची नोंदवही अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात सुरू केली. आज तिला टीझेडडेटा म्हणतात. १९७० नंतर जेथील घड्याळे सारखी आहेत त्या प्रदेशांना सहसा एकच नाव, हा तिचा दंडक. म्हणून साऱ्या भारताला ‘आशिया/कोलकाता’. जुन्या नोंदीत या नावाखाली १९४१ पर्यंत हावड्याची वेळ होती, ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद. परिणामी फैजपूरच्या मंडपातही कलकत्त्याचे घड्याळ टांगले गेले. सुधारित नोंदीत प्रमाणवेळ १९०६ पासूनच लागू होते. फरक २३ मिनिटे २० सेकंदांचा.

आता प्रोग्रामरची बाजू. रिग्रेशन टेस्ट म्हणजे काल बरोबर चालणारे आजही तसेच चालते का, याची आपोआप होणारी तपासणी. फैजपूरसारखी तारीख त्या तपासणीत असेल, तर कोडची एक ओळही न बदलता बिल्ड एका सकाळी नापास होते. अशा वेळी कालचाच कोड आजच्या यंत्रणेवर पुन्हा चालवावा. तोही नापास झाला, तर संशय कोडवरून उठून डिपेंडन्सीवर येतो. मग दोन्ही बिल्डमधील पॅकेजांच्या व्हर्जनच्या याद्या शेजारी ठेवून वेगळी निघालेली पॅकेजे एकेक करून मागे न्यावीत. येथे एक खोच आहे: लिनक्समध्ये या नोंदवहीची एक प्रत असते, जावाच्या पोटात दुसरी, पायथनच्या पायटीझेड पॅकेजात तिसरी. एक प्रत नवी आणि दुसरी जुनी राहिली, की एकाच यंत्रावर फैजपूरच्या दोन वेळा नांदतात.

लॉक फाइलमध्ये व्हर्जन बांधून ठेवणे हा नेहमीचा उपाय. तो आवश्यकच आहे, पण नोंदवही कायमची जुनी ठेवणे घातक, कारण देश आपल्या घड्याळांचे नियम आजही बदलतात, कधी अगदी ऐन वेळी. त्यापेक्षा नोंदवहीचे अद्ययावतीकरण स्वतंत्र बदल म्हणून करावे, म्हणजे बिल्ड मोडले तर कारण त्याच बदलात सापडते. केवळ बेरीज-वजाबाकी तपासायची असेल, तर चाचणीला साडेपाच तास हा आकडाच थेट द्यावा. फैजपूरसाठी मात्र अपेक्षित उत्तरच बदलून ००:३० लिहावे लागते, कारण तेथे कोड नव्हे, नोंदलेला इतिहास चुकला होता.