सोनखत ते सांडपाणी

खर्डा म्हटले की इतिहासाच्या शिक्षकांना १७९५ ची लढाई आठवते. अवर्षणप्रवण जामखेड तालुक्यातल्या या गावाच्या मुलांना आणखी एक इतिहास सांगायला हवा : वापरलेल्या पाण्याचा.

शहराची घाण शेताच्या कामी येते, हे पुणेकरांना एकोणिसाव्या शतकातच उमगले होते. नगरपालिका मैल्यात राख मिसळून सोनखत तयार करी. शेतकरी आधी कचरले. उसाचे पीक पाहिल्यावर मागणी वाढली. मैला वाहण्याचे काम मात्र ठरावीक जातींच्या डोक्यावर लादलेले होते, हेही या इतिहासाचेच पान आहे.

पुढे भुयारी गटारे आली आणि मैला पाण्याबरोबर वाहू लागला. पॅरिसजवळ जेनव्हिलिए येथे १८७० च्या दशकात अशा पाण्यावर भाजीपाला पिकत असे. त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद होते, तसेच पटकी व विषमज्वराचे जंतू आणि जंतांची अंडीही असत. पाणी व खत ठेवून रोग तेवढा काढायचा कसा?

१९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनी एक वाट दाखवली. सांडपाण्यात हवा सोडत राहिले की त्यातलेच जीवाणू घाण खातात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. साधा उपाय तळ्यांचा : पाणी ८-१० दिवस संथ ठेवले की जंतांची बहुतेक अंडी खाली बसतात, रोगजंतू घटायला मात्र आणखी दिवस व ऊन लागते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये मर्यादा सुचवली : १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातले कॉलिफॉर्म जीवाणू १००० पेक्षा जास्त नकोत. चिलीतील सान्तियागोत १९९१ च्या पटकीच्या साथीनंतर अशा भाज्यांना सांडपाणी देणे बंद केले, तेव्हा विषमज्वरही घटला.

पुण्यात हा प्रश्न नव्या रूपात आला. खडकवासल्याचे पाणी शहर अधिकाधिक घेऊ लागले. त्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी शुद्ध केलेले सांडपाणी मुंढव्याहून कालव्यात सोडायचे ठरले. पाण्याच्या प्रतीबद्दल शेतकऱ्यांनी वेळोवेळी तक्रारी केल्या. करारात माप मोजले जाते. पिकाला आणि माणसाला प्रतही मोजून हवी.

लहान गावाने काय करावे? जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यातून गावोगावी शोषखड्डे झाले, परसबागा फुलल्या.

वर्गात हे गणित घाला. दहा हजार वस्ती, माणशी रोज ५५ लिटर पाणी; त्यातले ८० टक्के सांडपाणी झाले तर रोज ४४० घनमीटर. पिकाला रोज ५ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ५० घनमीटर पाणी धरा. जवळजवळ ९ हेक्टर भिजतील. मग मुलांना विचारा : आपल्या गावचे हे पाणी आज कुठे जाते, आणि शेतात नेण्याआधी त्यातून काय काढावे लागेल?