म्हैस भादरणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहायचा?

मंडळी, नेसरीचं नाव निघालं की २४ फेब्रुवारी १६७४ आठवतो. खिंड, प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार. पण त्या सात घोड्यांना रोज खरारा करणारे मोतद्दार कोण होते, हे कुणाला सांगता येणार नाही. जनावराच्या अंगावर ज्यांचा हात फिरला त्यांचं पान असंच कोरं राहतं. त्यातलंच एक काम आज घेतो, म्हैस भादरणं.

पोरगं वाईट कटिंग करून आलं की आपण म्हणतो, "काय भादरून आलास रे?" चेष्टेचा शब्द झालाय, पण गोठ्यात ते गरजेचं काम. म्हशीला घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने फार कमी, त्यात कातडी काळी. ऊन सोसत नाही म्हणून ती डबक्यात बसते. केस वाढले की मुळाशी उवा. मग अंग भिजवून वस्तऱ्यानं केस उतरवायचे आणि वरनं तेल चोळायचं. शेपटीचा गोंडा तेवढा राखायचा, नाहीतर माशा हाकणार कशानं?

नक्षी यातनंच निघाली असणार, असं मला वाटतं. सगळं अंग उतरवताना एखादी वेल, एखादं नाव तेवढं सोडायचं. तेल लावलेली कातडी चमकते आणि राखलेले केस उठून दिसतात. रंग लागत नाही, पण हात स्थिर लागतो आणि म्हैसही माणसाळलेली लागते. कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला सागरमाळ, कसबा बावडा, पंचगंगा घाट इथं गवळी बांधव म्हशी सजवून आणतात ना, तिथं बघा. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, कवड्यांच्या माळा, घुंगरं आणि पाठीवर कोरलेली नक्षी. मालकाच्या हाकेसरशी म्हैस मोटारसायकलमागं पळत येते. लोक व्हिडीओ काढतात ते पळण्याचे. सायलेन्सर काढलेल्या गाडीच्या आवाजात पाठीवरची कारागिरी कोण बघतंय? खरं तर बक्षीस तिलाच पाहिजे.

हे वेड आपल्यापुरतं नाही. बिकानेरच्या उंट महोत्सवात उंटाच्या अंगावर केस कातरून अख्खी चित्रं काढतात. स्पेनमध्ये खेचरांचे केस कातरणं हा जिप्सी लोकांचा खास धंदा होता. जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकानं १८४१ च्या पुस्तकात त्या कातरणाऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय. थंडीत खेचराची लव दाट होते, कामानं घामेजली की लवकर वाळत नाही, म्हणून कातरायची. कातरता कातरता पुठ्ठ्यावर नक्षी. कारण तेच, आपल्या गोठ्यातलं.

फरक एवढाच, की त्यांना लिहिणारा भेटला. आपल्याकडं १९६३ ला गोकुळ आलं, तेव्हापासून लिटर आणि फॅट रोजच्या रोज वहीत चढतं. पाठीवरच्या नक्षीची नोंद कुठल्या वहीत करणार? काही आठवड्यांत केस परत वाढतात आणि कलाकृती पुसली जाते. आता वस्तऱ्याच्या जोडीला मशीन आलंय. वस्तऱ्यावर हात बसलेली माणसं म्हातारी झालीत.

नेसरी, गडहिंग्लज, चंदगड भागात कुणाकडं बेंदराचे, पाडव्याचे जुने फोटो असतील, ज्यात जनावराच्या अंगावरची नक्षी दिसते, तर पाठवा. साल आणि गाव लिहा. आणि म्हैस कुणी भादरली होती, ते घरातल्या थोरल्यांना विचारून जरूर लिहा. मालकाचं नाव तर सगळ्यांना माहीत असतंच.