हंड्यावरचा हिरवा डाग

आम्ही लालबाग-परळच्या बचत गटांतल्या बायका. आज तांब्याच्या भांड्यांबद्दल बोलू या.

हंडा-कळशी पावसाळाभर माळ्यावर पडली की कडेला हिरवा थर चढतो. आपण चिंच-मीठ लावून तो घासून काढतो. हवा आणि ओल लागून तांब्याचाच हा थर होतो. तांब्याच्या खाणीतही असाच हिरवागार दगड मिळतो. त्याला मॅलाकाइट म्हणतात. म्हणजे आपण घासून टाकतो, जवळपास त्याच पदार्थापासून पूर्वी माणसांनी तांबं काढलं! डोंगरात हिरवा रंग दिसला की तिथं तांबं असणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यात खेतडी आहे. त्या पट्ट्यातलं तांबं चार हजार वर्षांपूर्वीही वापरात होतं. दगड फोडायचा, कोळशाच्या भट्टीत घालायचा आणि भात्याने वारा द्यायचा. तांबं वितळायला १०८५ अंश उष्णता लागते. साध्या चुलीचं ते काम नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातही तांबं फार जुनं. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे. कुणी आईनेच ती गळ्यात घातली असेल. त्याच जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. चारही मिळून ६० किलोंच्या वर. जमिनीत राहिले म्हणून ते वाचले. एरवी तांबं कुणी टाकत नाही, वितळवून पुन्हा नवं घडवतात. आपल्या कळशीत किती जुनं तांबं असेल, कोण सांगणार?

मुंबईत पायधुणीला तांबाकाटा नावाची जागा आहे. काटा म्हणजे तराजू. कोकणातून, घाटावरून गिरणगावात आलेल्या आमच्या आज्या-सासवांनी लग्नातली भांडी सोबत आणली. त्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असे. जमीन, खोली नवऱ्याच्या नावावर. बाईचं म्हणावं असं एवढंच. अडीनडीला हंडा गहाण पडे. १९८२ च्या गिरणी संपात पगार थांबला, तेव्हा कित्येक घरांतली भांडी मोडीत गेली, असं आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायका आजही सांगतात. तराजूत वजन झालं, नावाचं मोल कुणी धरलं नाही.

गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकाही सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. एकट्या बाईला बँक विचारत नव्हती, एकीला विचारू लागली. आपले बचत गट त्याच वाटेवरचे.

म्हणून एक काम करू या. माळ्यावरची भांडी खाली काढा. कोणतं नाव कोरलंय, कुणी दिलं, कोणत्या साली दिलं, वजन किती, ते वहीत लिहा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून लिहा, ती आहे तोवर. आणि विकायची वेळ आलीच, तर आधी गटात बोला. कदाचित गटाच्या कर्जावर भागेल. नाहीच भागलं, तर दोन दुकानी वजन करून, भाव विचारून मगच द्या.

चिंच लावा, हिरवा डाग काढा. नाव मात्र पुसू देऊ नका.