एकुलती एक प्रत

गाऊन झालेले गाणे हवेत विरून जाते. ते धरून ठेवण्याची युक्ती टॉमस एडिसनला १८७७ मध्ये साधली खरी. परंतु कथिलाच्या पातळ पत्र्यावर उमटलेला तो आवाज चार-दोनदा ऐकताच झिजून जाई. पुढे एमिल बर्लिनरने तबकडी काढली आणि एका मूळ साच्यावरून हजारो नकला उठू लागल्या. ध्वनिमुद्रणाचा इतिहास हा अशा रीतीने नकलांचाही इतिहास आहे.

कारखान्याला साचे परवडत. घरी बसून संगीत रचणाऱ्याची स्थिती निराळी होती. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने हॉलिवुडमधील आपल्या घराच्या गॅरेजातच ध्वनिमुद्रणाची खोली थाटली होती. १९४९ मध्ये त्याला फितीचे यंत्र मिळाले. आधीच्या वादनावर नवे वादन चढवीत तो एकट्याने अनेकांचा मेळ साधू लागला. मात्र नवा थर चढताना फितीवरील जुना थर पुसला जाई. शेवटच्या थरात एक सूर चुकला, की आधीची सारी मेहनत वाया जाऊन पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी लागे. मागे परतण्याची वाटच त्या पद्धतीत नव्हती.

१९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करणारे छोटे यंत्र बाजारात आले. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात असेच यंत्र मांडून काही गाणी मुद्रित केली. साथीदारांना शिकवण्यापुरता तो कच्चा खर्डा होता. म्हणून ती कॅसेट कित्येक दिवस त्याच्या खिशात, वेष्टनावाचून, फिरत राहिली. पुढे सुसज्ज स्टुडिओत तीच गाणी वाद्यवृंदासह पुन्हा मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला. पण त्या खोलीतला एकाकी स्वर तेथे उतरेना. अखेर त्या खिशातल्या कॅसेटवरूनच, बऱ्याच तांत्रिक खटपटीनंतर, 'नेब्रास्का' हा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. कॅसेट हरवली असती तर गाण्यांचे शब्द उरले असते. तो स्वर मात्र उरला नसता. कोणता खर्डा पुढे मूळ प्रत ठरेल, हे करणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते.

संगणक आल्यावर नक्कल करणे क्षणाचे काम झाले, आणि त्याच सोयीने माणूस निष्काळजी बनला. मार्च २०१९ मध्ये 'मायस्पेस' या संकेतस्थळावरील २००३ ते २०१५ या काळातील संगीत यंत्रांच्या स्थलांतरात नष्ट झाल्याचे जाहीर झाले. गाण्यांची संख्या ५ कोटींहून अधिक असल्याचे वृत्त होते. अनेक हौशी कलावंतांनी दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ९० हजार गाणी परत मिळाली, ती केवळ काही अभ्यासकांनी संशोधनासाठी पूर्वीच उतरवून घेतली होती म्हणून!

अशा अनुभवांतून काही नियम सिद्ध झाले. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेले सूत्र संगीतालाही लागू पडते : प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. घरातील तिन्ही प्रती एकाच आगीत वा पुरात जाऊ शकतात. शिवाय एका ठिकाणी पुसले की दुसऱ्या ठिकाणीही आपोआप पुसले जाते, अशी जोडणी म्हणजे राखीव प्रत नव्हे.

व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची. संगीतरचनेच्या मुख्य फाइलमध्ये पुष्कळदा आवाज नसतातच. ते कोठे ठेवले आहेत एवढाच पत्ता असतो. तेवढीच फाइल जपली तर हाती रिकामी पाटी येते. म्हणून प्रत्येक गाण्याला स्वतंत्र फोल्डर करून त्यातील सारे आवाज तेथेच आणावेत. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे खर्डे आपोआप क्रमाने लागतात. गाणे पुरे झाल्यावर प्रत्येक वाद्य आरंभबिंदूपासून वेगळे, साध्या ध्वनिस्वरूपात काढून ठेवावे. कारण आजची प्रणाली वीस वर्षांनी उघडेलच असे नाही. आणि राखीव प्रत अधूनमधून उघडून ऐकावी.

यंत्रे नवी असली तरी हा विवेक नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून कंठस्थ असलेल्या चिजा मिळवून त्या स्वरलिपीत उतरविल्या, दहा थाटांत लावल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापून घरोघर पोचविल्या. एका कंठात असलेली चीज त्या कंठाबरोबर जाते, हे त्यांनी ओळखले होते. घरच्या संगणकातील एकुलत्या एका प्रतीचे प्राक्तन याहून वेगळे नाही.