पहिले धनुष्य निवडताना
महागड्या साहित्यापेक्षा शरीराला झेपणारे धनुष्य महत्त्वाचे. नवोदित तिरंदाज व पालकांसाठी मार्गदर्शन

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कम्पाउंड प्रकारात वैयक्तिक विजेतेपद पटकावले. ओजसने अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण मिळवले. अदिती तेव्हा अवघ्या 17 वर्षांची होती. त्याआधी फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला होता. या यशाने राज्यातील अनेक मुलामुलींच्या मनात धनुष्याची ओढ निर्माण केली. मात्र मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वीच पालकांपुढे प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे नेमके कोणते धनुष्य घ्यावे?

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दोन प्रकारे महागात पडते. विजेत्या खेळाडूच्या हातातील धनुष्य पाहून तसेच साहित्य घेतल्यास मोठी रक्कम अडकून पडते, आणि शक्तीबाहेरचे धनुष्य रोज ओढल्याने वाढत्या वयातील खांदा दुखावतो. म्हणूनच पहिले धनुष्य निवडताना किमतीआधी आणि कंपनीच्या नावाआधी शरीराचे माप पाहावे. धनुष्याने तिरंदाजाला जुळले पाहिजे. तिरंदाजाने धनुष्याला जुळवून घेऊ नये.

तीन प्रकारची धनुष्ये

आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार खेळले जातात. पहिला ‘इंडियन राउंड’. यात बांबूचे साधे देशी धनुष्य वापरतात. ते स्वस्त असते आणि उभे राहणे, दोरी ओढणे, सोडणे हे मूलभूत धडे त्यावर उत्तम गिरवता येतात. दुसरा प्रकार ‘रिकर्व्ह’. या धनुष्याची टोके पुढच्या बाजूस वळलेली असतात. ऑलिम्पिकमध्ये याच धनुष्याने 70 मीटरवरून 122 सेंटीमीटर व्यासाच्या लक्ष्यावर बाण सोडले जातात. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ केवळ 12.2 सेंटीमीटरचे असते.

तिसरा प्रकार ‘कम्पाउंड’. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1969 मध्ये ते मंजूर झाले. टोकांवरील चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरील भार एकदम कमी होतो. 40 पाउंडांच्या धनुष्यात ही घट 70 टक्के असेल, तर नेम धरताना हातावर केवळ 12 पाउंडांचा भार राहतो. स्पर्धेत हे धनुष्य 50 मीटरवरून वापरले जाते आणि त्याचा ताण 60 पाउंडांपेक्षा जास्त असता कामा नये. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कम्पाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश करण्याचा निर्णय झाला असल्याने त्याकडे वळणाऱ्यांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कम्पाउंडचा जन्म अमेरिकेतील शिकारीच्या छंदातून झाला आणि आजही विक्रीस असलेली अनेक कम्पाउंड धनुष्ये शिकारीसाठी बनवलेली असतात. ती आखूड असतात, त्यांवर झाडापानांचे रंग असतात आणि त्यांच्यासोबत पात्यांची धारदार टोके विकली जातात. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. लक्ष्यभेदाच्या मैदानावर पात्यांच्या टोकांना स्थान नाही. शिवाय आखूड धनुष्य नवशिक्याच्या हातात अधिक डळमळते. त्यामुळे ‘जास्त शक्तिशाली’ म्हणून असे धनुष्य घेण्याचा मोह टाळावा.

आधी डोळा, मग हात

धनुष्य उजव्या हाताचे घ्यावे की डाव्या, हे लिहिण्याच्या हातावरून नव्हे तर प्रबळ डोळ्यावरून ठरवतात. दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांमध्ये लहान त्रिकोणी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी. आता एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने ती वस्तू फटीतच दिसत राहते, तो डोळा प्रबळ. उजवा डोळा प्रबळ असेल तर उजव्या हाताने दोरी ओढावी आणि धनुष्य डाव्या हातात धरावे. हात आणि डोळा यांची बाजू जुळत नसेल, तर खरेदीपूर्वी प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

ओढीची लांबी

दोरी किती लांब ओढली जाते याला मैदानावर ‘ड्रॉ लेंग्थ’ म्हणतात. तिचा अंदाज घरीच घेता येतो. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरावेत आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजून त्याला अडीचने भागावे. हे अंतर 160 सेंटीमीटर असेल, तर ओढीची लांबी 64 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे 25 इंच येते. अचूक माप मात्र हलक्या धनुष्यावर प्रत्यक्ष दोरी ओढूनच ठरते.

यावरून रिकर्व्ह धनुष्याची उंची ठरवता येते. ओढ 24 इंचांपेक्षा कमी असल्यास 62 ते 64 इंचांचे, 24 ते 26 असल्यास 66 इंचांचे, 26 ते 28 असल्यास 68 इंचांचे आणि त्याहून अधिक असल्यास 70 इंचांचे धनुष्य साधारणपणे योग्य ठरते. कम्पाउंडमध्ये ओढीची लांबी चाकांमध्येच निश्चित केलेली असते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ती मोठ्या मर्यादेत बदलता येईल असेच धनुष्य घ्यावे. अन्यथा वर्षभरात ते अपुरे पडते.

ताण : सर्वांत मोठी चूक येथेच

धनुष्याचा ताण पाउंडात मोजतात. रिकर्व्हच्या पात्यांवर, म्हणजे ‘लिम्ब’वर छापलेला आकडा 28 इंच ओढीसाठी असतो. ओढ एका इंचाने कमी झाली की ताण सुमारे दोन पाउंडांनी उतरतो. म्हणजे 24 पाउंडांचे लिम्ब 25 इंच ओढणाऱ्या मुलाच्या हातात सुमारे 18 पाउंडच देतात. खरेदीच्या वेळी हा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

नवशिक्यासाठी प्रत्यक्ष हातावर येणारा ताण दहा-बारा वर्षांच्या मुलांना 12 ते 16, किशोरवयीनांना 16 ते 20 आणि प्रौढांना 20 ते 26 पाउंड पुरेसा असतो. हे आकडे लहान वाटतील, पण त्यांचा गुणाकार करून पाहावा. 16 पाउंड म्हणजे सव्वासात किलो. एका सरावात शंभर बाण सोडले, तर खांद्याने एकूण सुमारे 725 किलो भार ओढलेला असतो. तोच ताण 40 पाउंड असेल, तर हा आकडा 1800 किलोंवर जातो.

धनुष्य झेपते की नाही, हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, लक्ष्याकडे तोंड करून व बाण चढवून दोरी पूर्ण ओढावी, आठ-दहा सेकंद स्थिर धरावी आणि न सोडता सावकाश मागे आणावी. हात थरथरला, खांदा कानाकडे उचलला गेला किंवा कंबर मागे झुकली, तर ते धनुष्य जड आहे असे समजावे. जड धनुष्याने लागलेल्या वाईट सवयी पुढे मोडता मोडत नाहीत. तंत्र पक्के झाल्यावर एका वेळी दोन पाउंडांनी ताण वाढवावा.

काय आणि कोणत्या क्रमाने घ्यावे?

पहिले काही महिने शक्यतो प्रशिक्षण केंद्राच्या धनुष्यावरच सराव करावा. या काळात स्वतःचे दंडरक्षक, छातीरक्षक आणि बोटांचे कातडी ‘टॅब’ एवढेच घ्यावे. त्यानंतर सुटे करता येणारे लाकडी रिकर्व्ह घ्यावे. ताण वाढवताना त्याचे फक्त लिम्ब बदलता येतात. आवड टिकली आणि स्पर्धेचा विचार पक्का झाला, की धातूचा मधला भाग, म्हणजे ‘रायझर’ घेण्याची वेळ येते. तो ‘आयएलएफ’ जोडणीचा असावा. या जोडणीमुळे एका कंपनीच्या रायझरला दुसऱ्या कंपनीचे लिम्ब बसतात आणि पुढचा खर्च वाचतो. 25 इंची रायझरला आखूड लिम्ब लावल्यास 66, मध्यम लावल्यास 68 आणि लांब लावल्यास 70 इंचांचे धनुष्य तयार होते. दुर्बिणीसारखी भिंगे, लांब स्टॅबिलायझर, क्लिकर ही साधने नंतरची आहेत.

जुने धनुष्य घेण्यात गैर काही नाही. मात्र लिम्ब पिळलेले नाहीत ना, त्यांचे थर सुटलेले किंवा तडकलेले नाहीत ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

बाणाची निवड

धनुष्याइतकेच लक्ष बाणाकडे द्यावे लागते. सुटताना प्रत्येक बाण किंचित वाकतो आणि मग सरळ होतो. हे वाकणे धनुष्याच्या ताणाशी जुळले पाहिजे. बाणाच्या कडकपणाला ‘स्पाइन’ म्हणतात. 28 इंच अंतरावरील दोन आधारांवर बाण ठेवून मध्यभागी सुमारे 880 ग्रॅम वजन टांगल्यावर तो इंचाच्या किती सहस्रांश वाकतो, तो हा आकडा. साहजिकच आकडा जितका मोठा, तितका बाण लवचिक. हलक्या धनुष्याला मोठ्या आकड्याचा बाण लागतो.

सुरुवातीला ॲल्युमिनियमचे बाण सोयीचे. त्यांवर 1716 असा आकडा असेल, तर पहिले दोन अंक व्यास 17/64 इंच आणि शेवटचे दोन अंक नळीची जाडी 16 सहस्रांश इंच असल्याचे दर्शवतात. नवशिक्याचा बाण त्याच्या ओढीपेक्षा दीड-दोन इंच लांबच असावा. आखूड बाण ओढताना आधारावरून मागे घसरला, तर हाताला गंभीर इजा होऊ शकते. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी लक्ष्यातून काढल्यावर हलकेच वाकवून पाहावा. तडा दिसला किंवा करकर ऐकू आली, तर तो मोडून टाकावा. पुन्हा वापरू नये.

धनुष्याची जुळवणी

रिकर्व्हला दोरी चढवताना नेहमी ‘बो स्ट्रिंगर’ ही सहायक दोरी वापरावी. पायात अडकवून धनुष्य वाकवल्यास लिम्ब पिळतात. लाकडी धनुष्याला डेक्रॉनची दोरी लावावी; न ताणल्या जाणाऱ्या आधुनिक धाग्याचा धक्का जुन्या लाकडी टोकांना सहन होईलच असे नाही.

त्यानंतर दोरी आणि मूठ यांतील अंतर, म्हणजे ‘ब्रेस हाइट’ मोजावी. 66 ते 70 इंचांच्या धनुष्यात ती साधारण 21 ते 23 सेंटीमीटर असते. दोरीला पीळ वाढवला की हे अंतर वाढते, पीळ सोडला की घटते. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत धनुष्याचा आवाज जेथे सर्वांत कमी येतो, तेथे ते कायम ठेवावे आणि वहीत नोंदवावे.

बाण दोरीवर जेथे अडकवायचा, ती जागा काटकोनापेक्षा 6 ते 12 मिलिमीटर वर ठेवून दोऱ्याने किंवा पितळी कडीने पक्की करावी. बाणाची खाच दोरीला टांगून राहील, पण दोरीवर टिचकी मारताच सुटेल, एवढीच घट्ट असावी. वेगळ्या रंगाचे पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूस ठेवावे. उजव्या हाताच्या तिरंदाजाच्या धनुष्यात दोरी मध्यभागी धरून मागून पाहिल्यास बाणाचे टोक दोरीच्या किंचित डावीकडे दिसले पाहिजे.

नेमदर्शक सरकवण्याचा नियम सोपा आहे : बाण जिकडे जातात, तिकडे तो सरकवावा. डावीकडे जात असतील तर डावीकडे, खाली जात असतील तर खाली. पण एका बाणावरून निर्णय घेऊ नये. पाच-सहा बाणांचा पुंजका जेथे पडतो, तीच खरी जागा.

बाण एकाच ठिकाणी पडू लागल्यावर, 18 मीटरवरून पिसे नसलेल्या बाणाची चाचणी घ्यावी. तो पिसे असलेल्या बाणांच्या वर लागला, तर अडकवण्याची जागा थोडी वर न्यावी. खाली लागला, तर खाली आणावी. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा असा बाण डावीकडे लागल्यास बाण जास्त कडक, उजवीकडे लागल्यास जास्त लवचिक, असे समजावे.

कम्पाउंडची जुळवणी मात्र घरी करू नये. त्याची दोरी व केबल बदलण्यासाठी विशेष दाबयंत्र लागते. ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

हे कधीही विसरू नये

बाण न चढवता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणाला मिळणारी सारी शक्ती अशा वेळी धनुष्यातच जिरते आणि लिम्ब फुटू शकतात. मित्रांना ‘ओढून पाहा’ म्हणून धनुष्य हाती देताना हाच अपघात होतो. बाण चढवलेले धनुष्य लक्ष्याखेरीज कोठेही रोखू नये आणि सर्वांचे बाण सोडून होईपर्यंत कोणीही रेषेपुढे जाऊ नये. मे महिन्याच्या उन्हात बंद मोटारीत धनुष्य ठेवू नये. उष्णतेने लिम्बचे चिकटवलेले थर सैल होतात. पावसाळ्यात सरावानंतर ते कोरडे पुसावे, रिकर्व्हची दोरी उतरवावी आणि दोरीला अधूनमधून मेण लावावे.

महागडे साहित्य हे चांगल्या तंत्राला बळ देते, त्याची जागा घेत नाही. हलक्या धनुष्यावर हजारो बाण सोडल्यानंतर शरीरच पुढच्या पायरीची मागणी करू लागते. मोठी खरेदी करण्याची योग्य वेळ तीच.