विलायतेची बातमी आणि आपण

परवा फोनवर ‘स्टोरेज फुल’ आलं म्हणून जुने व्हिडिओ उडवत बसलो होतो. त्यात ऑगस्ट २०२४ चा एक सापडला. इंग्लंडमधला रस्ता, पोलिसांच्या ढाली, कुणीतरी कचऱ्याचा डबा पेटवलेला, मागे आरडाओरडा. खाली मराठीत चार ओळी. हा व्हिडिओ मला दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला होता आणि मी तो दहा मिनिटांत आणखी तीन ग्रुपवर टाकला होता. वर स्वतःची अक्कल पाजळली होती, “बघा, साहेबाच्या देशाचं काय झालं!”

साउथपोर्ट हे गाव नकाशात कुठे आहे ते मी नंतर पाहिलं. आधी फॉरवर्ड, मग नकाशा.

झालं होतं ते भयंकरच होतं. २९ जुलै २०२४ रोजी लहान मुलींच्या नाचाच्या वर्गात एक जण चाकू घेऊन घुसला, तीन मुली गेल्या. काही तासांतच हल्लेखोराचं म्हणून एक नाव फिरायला लागलं. मुसलमान आहे, मागच्याच वर्षी बोटीतून आलेला निर्वासित आहे, वगैरे. ते नावच बनावट होतं. पकडलेला मुलगा १७ वर्षांचा, जन्म कार्डिफचा, म्हणजे ब्रिटनमध्येच जन्मलेला. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी साउथपोर्टच्या मशिदीवर दगड पडले. १ ऑगस्टला कोर्टाने खरं नाव छापायला परवानगी दिली, तरी दंगली थांबल्या नाहीत. ४ तारखेला रॉदरहॅम इथे आश्रितांना ठेवलेलं हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला, माणसं आत असताना.

मी पाठवलेल्या चार ओळींत तेच बनावट नाव होतं. खरं काय ते मला चार-पाच दिवसांनी कळलं. कळल्यावर मी काय केलं? काही नाही. ग्रुपवर तोवर दुसराच विषय सुरू झाला होता.

आता कुणी म्हणेल, हे व्हॉट्सअॅपचं पाप, आधी असं नव्हतं. मलाही तसंच वाटायचं. पण इतिहास वाचायची खोड आहे, म्हणून सांगतो, विलायतेची बातमी आणि मराठी माणूस हे प्रकरण फार जुनं आहे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा विलायतेचं वर्तमान जहाजातून यायचं, महिनोन् महिने लागायचे. पुढे अग्निबोटी आल्या, ते काही आठवड्यांवर आलं. १८७० मध्ये समुद्रातली तार थेट मुंबईला पोचली आणि लंडनची खबर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मुंबईत कळू लागली. वेग वाढत गेला. वाचणारा माणूस मात्र साधारण तोच राहिला, निदान मला तसं वाटतं. दोन माणसांच्या गोष्टी सांगतो. एक पुण्याचा, दुसरा आपल्याच गावचा म्हणावा असा.

पहिले गोपाळ कृष्ण गोखले. १८९७ साल, वय ३१. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले होते. इकडे पुण्यात प्लेग. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, माणसं उचलून नेत होते, देवघरापर्यंत बूट जात होते. लोकांचा संताप खराच होता. २२ जूनला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीतून परतताना रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली.

त्याच काळात गोखल्यांना पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्यांत एक भयंकर गोष्ट होती: सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला. पत्र लिहिणारे विश्वासातले. गोखल्यांनी ती गोष्ट ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितली. छापून आली, विलायतेत गहजब झाला. मुंबई सरकारने साफ इन्कार केला आणि पुरावा मागितला.

गोखले परतले, पुरावा शोधू लागले, आणि कुणी पुढे येईना. पत्रं लिहिणारेही साक्षीला उभे राहायला तयार नाहीत. मग या माणसाने काय केलं? पत्रं कुणी लिहिली त्यांची नावं सांगितली नाहीत. तो आरोप मात्र मागे घेतला आणि जाहीर माफी मागितली. गव्हर्नरची, प्लेग कमिटीची, सोल्जरांची सुद्धा. पडेल आवाजात, “कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर” छापाची नाही. सरळ, पूर्ण माफी. ऑगस्ट १८९७.

जरा वेळ बघा. त्याच सुमारास टिळकांना राजद्रोहाखाली अटक झालेली, पुढे दीड वर्षाची शिक्षाही झाली. सगळं पुणं पेटलेलं. आणि अशा वेळी हा माणूस साहेबाची माफी मागतो. पुण्यात त्यांची जी छी-थू झाली ती पुढे कितीतरी वर्षं पुरली. आजही मवाळांची टिंगल करायची झाली की ही माफी काढली जाते. मीही कॉलेजात असताना काढलीय. प्लेगचा जुलूम तर खोटा नव्हता, मग माफी कशाला, असा आमचा मुद्दा. पण जुलूम खरा होता म्हणून ही गोष्ट खरी ठरत नाही, एवढा साधा फरक गोखल्यांना कळत होता आणि आम्हाला कळत नव्हता. १९०५ मध्ये काशीच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, म्हणजे त्या माफीने माणूस संपला नाही हेही नोंदवून ठेवतो.

दुसरी गोष्ट अवघड आहे.

अनंत लक्ष्मण कान्हेरे. मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, खेड तालुक्यातला. इंग्रजी शिक्षणासाठी औरंगाबादेत आलेला. (तेव्हाचं नाव तेच होतं म्हणून तेच लिहितोय, त्यावरून कमेंटमध्ये भांडू नका.) हे शहर तेव्हा निजामाच्या मुलखात. म्हणजे इथला रोजचा अंमल निजामाचा, कलेक्टर-कमिशनर हा गोरा कारभार शेजारच्या ब्रिटिश मुलखात. या गावात बसलेला पोरगा इंग्रजी राज्याबद्दल जे काही जाणत होता त्यातलं बरंचसं छापील कागदातून आणि मित्रांच्या बोलण्यातून आलेलं.

आणि १९०९ साली कागदात काय काय येत होतं! टिळक मंडालेत. ‘काळ’च्या शिवराम महादेव परांजप्यांना आदल्याच वर्षी १९ महिन्यांची शिक्षा झालेली. जूनमध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप, काळं पाणी. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला मारलं, १७ ऑगस्टला त्याला फाशी. तिकडे विलायतेत गोळी सुटली की तिचा आवाज तारेने इकडे येत होता. नुसता आवाजच नाही, पिस्तुलंसुद्धा. लंडनच्या इंडिया हाऊसमधून चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आली.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपाचा प्रसंग. अनंत कान्हेरेने त्याला तिथे गोळ्या घातल्या. पिस्तूल त्याच वीसपैकी. २९ मार्च १९१० ला शिक्षा, १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात फाशी, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह. अनंताचं वय अठराच्या आसपास. नाशिकच्या मैदानाला आज त्याचं नाव आहे, हुतात्मा म्हणून आपण त्याला मानतो, आणि मीही मानतो. हे आधी स्पष्ट सांगतो म्हणजे पुढचं नीट वाचलं जाईल.

पकडल्यावर त्याने दिलेला जबाब १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात छापलाय. त्याचा आशय असा: ‘केसरी’, ‘राष्ट्रमत’, ‘काळ’ आणि इतर पत्रांतून मी जुलमाच्या पुष्कळ हकिकती वाचल्या. साहेबांना मारलं तर आपल्या लोकांना न्याय मिळेल असं मला वाटतं. माझ्यावर स्वतःवर कधी अन्याय झाला नाही, माझ्या ओळखीच्या कुणावरही झाला नाही. जॅक्सनला मारल्याचा आता पश्चात्ताप होतो, चांगला माणूस विनाकारण मारला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

जबाब ताब्यातल्या मुलाचा आहे, लिहून घेणारे सरकारचे, छापणारी समितीही सरकारची आणि तिला वर्तमानपत्रांवर खापर फोडायचंच होतं. तेव्हा शब्दन् शब्द त्याचाच असेल असं मी म्हणणार नाही. पश्चात्तापाचं वाक्य तर हवं तसं वळवता येतं. पण मधलं ते वाक्य, ‘माझ्यावर नाही, माझ्या ओळखीच्याही कुणावर नाही’, ते मला खरं वाटतं. औरंगाबादेत राहणाऱ्या मुलाचं ते अगदी खरं असू शकतं. आणि त्यामुळे त्याने वाचलेल्या हकिकती खोट्या ठरत नाहीत. बाबारावांची जन्मठेप खरीच होती, आणि त्यांचा खटला सेशनला पाठवणारा मॅजिस्ट्रेट हाच जॅक्सन होता. दुसऱ्यावरच्या अन्यायाने पेटून उठणं हा दोष असेल तर स्वातंत्र्याची अर्धी चळवळच दोषी धरावी लागेल.

मग मला बोचतंय काय? तर जॅक्सन नावाच्या माणसाबद्दल त्या पोराला काय माहीत होतं, हे. हा माणूस संस्कृत शिकलेला, लोक त्याला पंडित म्हणायचे. शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या देवदेवता, भुतंखेतं, नवसं यांची माहिती गोळा करायचा. ती टिपणं त्याच्यामागे एन्थोवेनने छापली, गुजरातचा भाग १९१४ साली, कोकणचा १९१५ साली. कोकणचा! अनंताच्या स्वतःच्या मुलखातले देव-खेळे त्यात आहेत. हे सगळं असूनही तो राज्याचा अधिकारी होताच आणि बाबारावांना त्यानेच वर पाठवलं. दोन्ही एकाच माणसात. वर्तमानपत्राच्या रकान्यात त्यातलं एकच मावलं.

त्यानंतर सरकारने काय केलं तेही ओळखीचं वाटेल. फेब्रुवारी १९१० मध्ये प्रेस अॅक्ट आला. छापखान्यांकडून जामीन मागायचा, मजकूर आवडला नाही की जप्त. ‘काळ’ त्याच वर्षी बंद पडला. आणि २०२४ च्या दंगलींनंतर त्याच ब्रिटनमध्ये आश्रितांच्या हॉटेलांना आग लावण्याची भाषा करणाऱ्या एका पोस्टबद्दल एका बाईला ३१ महिन्यांची शिक्षा झाली. आपल्या ग्रुपवर त्यावरही दोन तट पडले होते. गंमत म्हणजे दोन्ही तटांतल्या कुणीही ती मूळ पोस्ट वाचलेली नव्हती. मीही नाही, तेव्हा.

आपल्या शहराला मार्च २०२३ ची किराडपुऱ्याची रात्र आठवत असेलच. त्या रात्री माझ्या फोनवर जे जे आलं त्यात तीन ‘पक्क्या’ बातम्या होत्या आणि तिन्ही एकमेकींना खोडून काढणाऱ्या. त्या रात्री मी काही फॉरवर्ड केलं नाही, कारण गाव आपलं होतं, दगड आपल्या गल्लीपर्यंत यायची भीती होती. साउथपोर्टच्या वेळी ती भीती नव्हती. तिथल्या मशिदीत अडकलेल्या माणसांचा मला विचारच शिवला नाही. खरं सांगायचं तर मजा वाटली होती.

तर हे सगळं लिहून झाल्यावर काल रात्री त्या तिन्ही ग्रुपवर मेसेज टाकला. “ऑगस्ट २०२४ मध्ये मी इंग्लंडचा जो व्हिडिओ टाकला होता, त्याखालचं नाव खोटं होतं. मी न बघता पाठवलं. चूक माझी.” एका ग्रुपवर उत्तर आलं, “हे काय जुनं काढलंस राव?” दुसऱ्यावर एक अंगठा, आणि त्याच्याखाली लगेच कुठल्यातरी दुसऱ्या देशातला पेटलेला रस्ता. तिसऱ्या ग्रुपवर अजून कुणी पाहिलेलं नाही. तो ग्रुप बहुतेक बंदच पडलाय.